मे महिन्यातला बर्फ

हिवाळ्यात गुलमर्गला जगभरातून लोक येतात ते बर्फावरून घसरायला. मे महिन्यात महाराष्ट्रातून लोक येतात ते बर्फ शिल्लक आहे का, हे बघायला. या दोन जमातींच्या जिवावर हे ठिकाण बारा महिने चालतं आणि मला विचाराल तर दुसरी जमात जास्त चिवट आहे.

पहिलीचं काय, गोंडोलात म्हणजे केबल कारमध्ये बसायचं, अफरवटच्या डोंगरावर उतरायचं आणि भुसभुशीत बर्फातून सुंईकन खाली यायचं. १९२७ साली इंग्रजांनी इथे स्की क्लब काढला, तेव्हा त्यांना निदान वर चढण्याचे तरी कष्ट होते. १९९८ साली गोंडोलाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि तेही जायला लागले.

आमची मोहीम खालच्या टंगमर्गलाच सुरू झाली. बाहेर स्वेटर नकोसा वाटावा असं ऊन आणि दुकानाच्या दारात गमबुटांच्या रांगा. शिवाय फरचे कोट. "वर मायनस आहे," असं दुकानदार म्हणाला आणि टूर लीडरने गंभीरपणे मान हलवली.

"हा कोट किती जणांनी घातलाय?" काकूंनी हिंदीत विचारलं.

"सबने, माताजी."

काकूंनी तो दोन बोटांत धरला, हुंगला आणि पन्नास रुपये कमी करायला लावून घातला. मेहुण्यांना दोन्ही बूट डाव्या पायाचे मिळाले, पण घासाघीस एकदा पक्की झाल्यावर बदलून मागणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. गाडीतून उतरलो तर समोर हिरवंगार कुरण आणि त्यात आम्ही, ध्रुवावर निघालेल्यांच्या वेशात, घामाने निथळत. घोडेवाले खिलनमर्गला न्यायला तयार होते. पलीकडे जगातल्या सर्वांत उंचावरच्या गोल्फ मैदानांपैकी एक पसरलेलं होतं. मेहुण्यांनी त्यावर बराच वेळ नजर फिरवली. "एवढी सपाट जागा," ते हळहळले, "आणि प्लॉट पाडले नाहीत!"

पण आम्हाला गोल्फ, घोडे, फुलं यांत रस नव्हता. गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याला, कोंगडोरीला, बर्फ दिसला तो हॉटेलमागे सावलीला टाकून ठेवल्यासारखा. गटातली निम्मी मंडळी त्यावरच फोटो काढून कृतार्थ झाली. आम्ही मात्र "फेज टू"ची तिकिटं आधीच काढली होती, म्हणजे विषय बर्फाचा उरलेला नसून वसुलीचा झाला होता.

वर, ३,९०० मीटरच्याही पुढे, तो सापडला. खरा, पांढरा, भरपूर. हवा इतकी विरळ की काकूंना बोलताना मध्ये थांबावं लागलं. काकांनी पुढच्या वर्षीही इथेच यायचं ठरवून टाकलं.

स्लेजवाला आलाच. लाकडी फळी, तिला दोर. तो ओढणार, आपण बसणार. चढावर ओढणारा धापा टाकतो आणि बसलेला माणूस "जरा सावकाश" म्हणून सूचना देतो, असा हा साहसी क्रीडाप्रकार आहे. हिवाळ्यात हाच गडी पर्यटकांना स्कीइंग शिकवतो. त्याने अभिमानाने सांगितलं की २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा जो एकुलता एक खेळाडू गेला, तो आरिफ खान इथलाच. वडिलांचं गुलमर्गलाच स्कीचं दुकान. जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला.

"पंचेचाळिसावाच?" फळीच्या दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून बसलेल्या मेहुण्यांनी विचारलं.

गडी सभ्य होता. त्याने विषय बदलला. "साहब, आप लोग सर्दी में क्यों नहीं आते? तब तो नीचे तक बर्फ ही बर्फ."

मेहुण्यांनी डोळे उघडले. एवढ्या साध्या गोष्टीचं याला कोडं पडावं, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

"अरे भाई, तब बहुत ठंड होती है ना!"

यावर तो काही बोलला नाही. फक्त उताराचे पैसे वेगळे लागतील, एवढं सांगितलं.