आधी विचारा, मग पाठवा

फॅक्सची ती कर्कश शिट्टी आठवते? कान किटायचे. पण पान सरकायच्या आधीची सगळी बोलणी त्या गोंगाटातच उरकायची.

पलीकडचं यंत्र २१०० हर्ट्झचा सूर लावून हजेरी द्यायचं. मग सेकंदाला ३०० बिट अशा मुंगीच्या पावलांनी आपली कुवत सांगायचं: कागद केवढा, ठिपके किती बारीक, वेग किती. अलीकडचं यंत्र त्यातलं दोघांना झेपेल ते निवडायचं आणि दीड सेकंद चाचणी घ्यायचं. लाइन खराब निघाली? १४,४०० वरून १२,०००, मग ९,६००. जमलं, की मगच पान.

इंटरनेट आलं आणि ईमेलच्या वाटेवर नेमकं हे विचारणंच गेलं.

 

ईमेलने फॅक्स धाडायची रीत ठरली १९९८ साली. पत्र पेटीत पडणार, समोरचा उघडेल तेव्हा उघडणार. मग विचारायचं कुणाला? म्हणून सगळ्यात साध्या यंत्राला झेपेल तेच पाठवायचं ठरलं. काळं-पांढरं पान, ए-४ च्या एका आडव्या ओळीत १७२८ ठिपके.

म्हणजे निळी सही काळी. तिच्यावरचा लाल शिक्काही काळा. सही कुठे संपली आणि शिक्का कुठे सुरू झाला, आता सांगा! पलीकडे रंगीत यंत्र असलं, तरी त्याचा उपयोग शून्य.

उपाय निघाले. १९९९ मध्ये पोचपावतीतूनच यंत्राने आपली कुवत कळवायची सोय झाली. २००२ मध्ये त्याहून शहाणी रीत आली. आधी साधं पान धाडा, सोबत 'याहून चांगली प्रत आहे' असं कळवा, मागणी आली की ती द्या. तोवर मूळ प्रत जपून ठेवा. मला ही रीत मनापासून पटते. साध्या यंत्राची अडवणूक नाही, चांगल्या यंत्रावर अन्याय नाही.

पण पावती पाठवायची का, हे मेल प्रोग्राम माणसाला विचारतो. माणूस 'नाही' दाबून मोकळा होतो.

पावती अडली, कुवतही अडली.

यंत्रांना थेट बोलू देणारा रस्ताही १९९८ चाच: टी.३८. फोन लाइन आणि इंटरनेट जोडणारा गेटवे दोन यंत्रांचं बोलणं इंटरनेटवरून पोचवतो. मग घोडं अडतं कुठे? टी.३८ बंद ठेवून फॅक्स आवाज दाबून लहान करणाऱ्या कोडेकमधून ढकलला जातो तिथे. जी.७२९ हा कोडेक माणसाचं बोलणं सेकंदाला आठ किलोबिटांत बसवण्यासाठी केलेला. फॅक्सच्या सुरांचा त्यात चेंदामेंदा होतो. बोलणी तुटतात, आणि शिव्या खातं यंत्र.

पुढच्या वेळी पान अडकलं, तर यंत्राला बुकलू नका. सेवा देणाऱ्याला फोन लावून एकच विचारा: टी.३८ चालू केलंय का?