शॉटरीची लेक, स्ट्रॅटफर्डची सून

घरच्या मोडी कागदांच्या गठ्ठ्याला माळ्यावर वाळवी लागलेली असताना मी सोळाव्या शतकातल्या एका इंग्रज बाईची वंशावळ शोधायला घेतली. बाई साधीच निवडली होती : शॉटरी गावच्या शेतकऱ्याची मुलगी, ॲन हॅथवे. नवरा पुढे नाटकं लिहून नावारूपाला आला, यात तिचा काय दोष?

इंग्लंडात १५३८ सालीच थॉमस क्रॉमवेलनं फर्मान काढलं होतं, की प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. म्हटलं, झालंच काम! घरबसल्या त्या काळच्या कागदांची छायाचित्रं उघडली. ते ‘सेक्रेटरी’ वळण म्हणजे इंग्रजांची मोडीच. ‘सी’ दिसतो ‘आर’सारखा, ‘एस’ ‘एफ’सारखा, आणि ‘एच’ ओळीखाली शेपूट सोडून बसलेला. भिंग लावून लावून मला वाण्याच्या यादीतही लॅटिन दिसू लागलं. एवढ्या विद्येवर मी ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान देऊन टाकायचं ठरवलं.

पहिल्या रांगेत लग्नं जमवण्यात हयात घालवलेल्या आज्या.

“जन्म कधीचा?”

“स्ट्रॅटफर्डची वही १५५८पासूनची, आणि ही त्याआधीची. थडग्यावरची पितळी पट्टी म्हणते, १६२३ साली सदुसष्टाव्या वर्षी वारली. त्यावरून वजाबाकी करायची.”

“म्हणजे पत्रिका नाही. नाव तरी नक्की?”

“ॲन. पण वडिलांनी १५८१च्या मृत्युपत्रात ॲग्नेस लिहिलंय. लग्नासाठी दहा मार्क ठेवलेत.”

“आणि आईचं?”

“मृत्युपत्रात बायको म्हणून जोन आहे. पण ती बहुधा सावत्र.”

मी घाईनं लग्नावर आलो. २७ नोव्हेंबर १५८२ला वूस्टरच्या बिशपच्या कचेरीत कारकुनानं वधू लिहिली ॲन व्हॉटली, गाव टेंपल ग्राफ्टन. दुसऱ्या दिवशी चाळीस पौंडांचा जामीनकतबा झाला, त्यात मात्र ॲन हॅथवे, गाव स्ट्रॅटफर्ड. त्याच कारकुनापुढे तेव्हा कुणा व्हॉटलीचा खटला होता, तेव्हा लेखणी घसरली असावी. पण तोवर सभागृहात ‘दुसरी बाई’ शिरली होती. तिला बाहेर काढण्यात माझा निम्मा वेळ गेला.

“पहिलं मूल?”

“सुसाना. बाप्तिस्मा २६ मे १५८३.”

आज्यांनी बोटांवर महिने मोजले आणि एकमेकींकडे पाहिलं. नवरा अठराचा आणि बायको सव्वीसची, हे मी गिळूनच टाकलं.

माझ्या तक्त्यावर ॲनभोवती नुसती पुरुषांची गर्दी होती : बाप, नवरा, दोन जामीनदार, कारकून. लग्न झालेल्या बाईच्या चीजवस्तूंवर कायद्यानं नवऱ्याची मालकी. मृत्युपत्र करायचं तरी त्याची परवानगी हवी. तिचं नाव कागदावर यायला दुसऱ्याच कुणाला तरी मरावं लागे.

तसा एक मेला, हे माझं हुकमाचं पान. थॉमस व्हिटिंग्टन, मेंढपाळ, पूर्वी तिच्या माहेरी कामाला. १६०१ साली त्यानं मृत्युपत्रात नोंदवलं, की शेक्सपिअरच्या बायकोकडे आपले चाळीस शिलिंग आहेत, ते स्ट्रॅटफर्डच्या गरिबांना द्यावेत. बाईच्या स्वतःच्या नावावरचा व्यवहार! मी टाळ्यांसाठी थांबलो.

“ठेवायला दिले होते, की हिनं उसने घेतले होते?” भिशी चालवणाऱ्या आजींनी विचारलं.

अभ्यासकांतही यावर दुमत आहे, हे माझ्या तोंडून निघेपर्यंत अध्यक्षांनी आभार मानले होते. चहाच्या रांगेत आजी शेजारणीला सांगत होत्या, “उसनेच असणार हो. नवरा लंडनला, पदरात दोन मुली. करणार काय बिचारी?”