आभाळ फुकट, तास विकत

सफाळ्यात आभाळाला तोटा नाही. तांदुळवाडीच्या गडावर चढून बसलं की एका अंगाला वैतरणेची खाडी, दुसऱ्या अंगाला केळव्याकडचा समुद्र आणि डोक्यावरून मुंबईच्या वाटेवरची विमानं. तोटा आहे तो जमिनीवरून हलण्याच्या साधनांचा. डहाणूपर्यंत लोकल यायला २०१३ साल उजाडलं. तोवर शटल येईल तेव्हा आपली. जवळच्या जलसारहून विरारचा किनारा पाण्यावरून दीड किलोमीटर आणि रस्त्याने साठेक. तिथे रो-रो बोट सुरू व्हायला २०२५चा फेब्रुवारी लागला. अशा गावातल्या पोराने ‘मला पायलट व्हायचंय’ म्हटलं तर नवल कसलं? फलाटावर ताटकळून माणूस वरच बघणार!

पोर पाच वर्षांचं असेपर्यंत या स्वप्नाचं फार कौतुक होतं. वेशभूषा स्पर्धेत पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी कागदाच्या चार पट्ट्या, बाईंच्या टाळ्या, आजीचं दृष्ट काढणं. दहावीच्या सत्कारात पाहुणे ‘गगनभरारी’ हा शब्द वापरतात. (एका भाषणात तो किती वेळा यावा याला अजून कायदा नाही.) मग बारावी होते, पोर प्रवेशाचं माहितीपत्रक घेऊन येतं, बाबा चष्मा लावून शेवटचं पान उघडतात आणि घरात एकदम शांतता पसरते. पाहुणे तेव्हा फोन उचलत नाहीत.

हिशोब असा आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वय १८ लागतं, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. हवाई मार्गक्रमण, हवामानशास्त्र, नियम, विमानाचं तंत्र अशा लेखी परीक्षा, शिवाय रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. इथवर पोराच्या बुद्धीचं काम. पुढे २०० तासांचं उड्डाण. त्यातले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून आणि निदान ५ तास रात्रीचे. इथून बाबांच्या खिशाचं काम. देशातल्या शाळेत हे सगळं पन्नास लाखांच्या पुढेच जातं. विमान कंपन्यांच्या ‘कॅडेट’ योजनेत कोटीच्या घरात. परवाना हातात आला की एअरबस किंवा बोइंग, ज्या जातीचं विमान चालवायचं तिचं खास प्रशिक्षण आणखी पंधरा-वीस लाखांचं. तेही बहुतेक वेळा पोरानेच भरायचं. आणि एवढं करून नोकरी? ती जाहिरात निघाली की.

एसटी महामंडळाने चालकाला सांगितलं असतं, ‘आधी स्वतःच्या पैशाने दोनशे तास गाडी पळवून ये, डिझेल तुझं, शिवनेरी चालवायची असेल तर तिचे पंधरा लाख वेगळे, आणि भरतीचं बघू पुढच्या वर्षी,’ तर पालघर आगारात एक तरी गाडी जाग्यावरून हलली असती का? विमानाच्या धंद्यात हे चालतं, कारण तिथे नोकरी मागणारा पोरगा नोकरीला आलेला नसतो. तो स्वप्न घेऊन आलेला असतो. आणि स्वप्नवाल्याशी घासाघीस करायची गरज पडत नाही.

बँकेत जा. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की साहेब तारण मागतात. म्हणजे वाडी. आता पालघर तालुक्यातल्या वाड्यांना मागणी काही कमी नाही. बुलेट ट्रेनला हवी, मालगाड्यांच्या वेगळ्या मार्गाला लागली, मुंबई–वडोदरा महामार्गाला लागली, आणि वाढवणच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४मध्ये झाल्यापासून तर दलाल चहा पाजून सातबारा विचारतात. त्यात घरच्याच पोराने नंबर लावला. बाकीच्यांना निदान भूसंपादनाची नोटीस काढावी लागते.

सरकार मदत करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. अनुसूचित जातींच्या हुशार विद्यार्थ्यांसाठी केंद्राची उच्च दर्जाच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे आणि तिच्या नियमावलीत वैमानिक प्रशिक्षणाचाही विचार केलेला होता: खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला कमाल ३ लाख ७२ हजार रुपये. एवढ्यात विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत नक्की जातं. उडायचं कसं, ते विद्यार्थ्याने बघावं.

भाषणांत जे. आर. डी. टाटा हमखास येतात. १० फेब्रुवारी १९२९ला त्यांना देशातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला, हे खरंच. त्यांना तारणाची अडचण आली नसावी, एवढं मात्र वक्ते सांगायचं विसरतात. मुलींसमोर बोलायचं असेल तर सौदामिनी देशमुख येतात. नोव्हेंबर १९८५मध्ये इंडियन एअरलाइन्सचं कोलकाता–सिलचर विमान फक्त महिलांच्या चमूने नेलं, त्याच्या त्या कॅप्टन. नाव मोठं, टाळ्याही मोठ्या; टाळ्या संपल्या की फीचा आकडा होता तेवढाच.

मला मात्र सफाळ्याला सांगायला कॅप्टन अमोल यादवांची गोष्ट जास्त जवळची वाटते. साताऱ्याकडचा मराठी माणूस, अमेरिकेत जाऊन विमान शिकला, जेट एअरवेजमध्ये वैमानिक झाला. इथे कुणीही थांबला असता. यादवांनी कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधायला घेतलं. लिफ्ट नव्हती, इंजिनसुद्धा जिन्याने वर गेलं. घरच्यांचे दागिने पणाला लागले. २०१६मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या मेळाव्यात वांद्र्याला ते विमान मांडलं आणि अख्खं सरकार त्याच्याशेजारी फोटोला उभं राहिलं. नोंदणी २०१७मध्ये झाली, नोंदणीची अक्षरं व्हीटी-एनएमडी; त्यातली शेवटची तीन नरेंद्र मोदी आणि देवेंद्र यांच्या नावांची. उड्डाणाची परवानगी मिळायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. म्हणजे पंतप्रधान आणि मुख्यमंत्री शेपटीवर बसवूनसुद्धा कागद दोन वर्षं चालत होता. ते बसवले नसते तर किती चालला असता, हा हिशोब वाचकांनी करावा.

या गोष्टीत पालघर येतं ते फेब्रुवारी २०१८मध्ये. ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’च्या मांडवात राज्य सरकारने यादवांच्या कंपनीशी सामंजस्य करार केला: १९ आसनी विमानांचा कारखाना, गुंतवणूक ३५,००० कोटी, जागा पालघर जिल्ह्यात १५७ एकर. गच्चीवरून एकदम ३५,००० कोटी! ज्या माणसाला गच्चीवर असताना कुणी इंजिन उचलायला हात दिला नाही, त्याच्या हातात एवढा मोठा आकडा दिला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली. गच्चीवरचं विमान ऑगस्ट २०२०मध्ये चाचणीसाठी धावपट्टी सोडून वर उठलं, पण ते धुळ्याला. पालघरच्या कारखान्यातून निघालेलं विमान पालघरकरांनी अजून पाहिलेलं नाही. सामंजस्य दोन्ही बाजूंनी टिकून आहे असं समजू.

आणि याच काळात देशाला वैमानिक हवेत! २०२३मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या खरेद्या जाहीर केल्या. विमानं मागवताना ती चालवायला माणसं लागतात हे कळायला डिसेंबर २०२५ लागला. वैमानिकांना विश्रांती द्यायचे नवे नियम लागू झाले आणि इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. नियम काही रातोरात आले नव्हते. प्रवासी विमानतळांवर बॅगांना टेकून झोपले. त्याच वेळी परवाना खिशात घालून, कर्जाचा हप्ता मोजत घरी बसलेली पोरंही याच देशात होती. एकीकडे माणसं नाहीत, दुसरीकडे माणसांना काम नाही, आणि मधल्या फटीत प्रशिक्षणाच्या शाळा मात्र झकास चालल्यात.

कला-वाणिज्यवाल्यांनाही हे दार उघडावं असा प्रस्ताव २०२५मध्ये पुढे आला. उघडा की! भौतिकशास्त्राची अट काढणं सोपं आहे, तिला पैसे लागत नाहीत. दाराला खरं कुलूप फीचं आहे आणि त्याला हात लावायचा प्रस्ताव अजून कुणाच्या टेबलावर नाही. ज्या कंपनीला वैमानिक हवा तिने त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलावा आणि पगारातून वळता करून घ्यावा, एवढी साधी गोष्ट आहे. कारखान्यात शिकाऊ कामगाराला विद्यावेतन मिळतं. तारापूरच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही फिटरला विचारा.

तोवर सफाळ्यातल्या आईबापांना एक विनंती. पोराला नाही म्हणू नका. पण पहिला हप्ता भरायच्या आधी विमान वाहतूक महासंचालनालयाची वैद्यकीय तपासणी करून घ्या, आधी दुसऱ्या वर्गाची आणि मग पहिल्या वर्गाची. चष्मा असेल तर घाबरू नका, चष्मा चालतो; रंगांधळेपण चालत नाही. शाळा महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघा, तिथे विमानं किती आणि त्यातली उडणारी किती ते तिथल्याच जुन्या पोरांना गाठून विचारा, आणि सगळी फी एकदम मागितली तर उठून चालू लागा. हे सगळं जमलं, तरच सातबारा कपाटातून बाहेर काढा.