कपांच्या ट्रेवर चटई अंथरणाऱ्या साहेबांस

माननीय साहेब,



तुमचं नाव इथे लिहायची गरज नाही. चटई कुणी आणली हे आपल्या पँट्रीत येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

वर्गणी काढून घेतलेलं आपलं एस्प्रेसो यंत्र बंद पडलं. मेकॅनिकने वरचं झाकण काढलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. कंट्रोल बोर्डावरच्या एका कपॅसिटरचं डोकं फुगलं होतं. बॉयलरजवळून जाणाऱ्या वायरीचं आवरण वाळून कडक झालं होतं, वाकवलं की तडकत होतं. ‘वर काय ठेवता?’ असं त्याने विचारलं आणि मी तुमची चटई त्याच्या हातात दिली. जाड, काळी, रबरी, यंत्राच्या माथ्यावरच्या कपांच्या ट्रेच्या चारही कडांना भिडेल अशी मोजून कापलेली आणि एकही भोक नसलेली. इतक्या मापात कात्री चालवणाऱ्या माणसाला ट्रेतल्या फटी दिसल्या नसतील, हे मला पटत नाही.

तुमची तक्रार खरी होती, ते आधी मान्य करतो. ट्रेवर ओरखडे पडत होते. कप भट्टीतल्या फळीला चिकटू नये म्हणून त्याच्या बुडाची कड बिनझिलईची ठेवतात. तिच्यावरून बोट फिरवा, बारीक पॉलिशपेपरसारखी खरखरीत लागते. त्यात आपल्या यंत्राचा पंप कंपनाचा. तो सुरू झाला की वरचे कप किणकिणतात, जागच्या जागी सरकतात आणि चकचकीत स्टीलवर गोल रेघा उमटतात. बघवत नाही हे कबूल. पण ट्रेवरच्या रेघेने आजवर एकही यंत्र बंद पडलेलं नाही. तुमच्या इलाजाने आपलं पडलं.

त्या फटी शोभेसाठी पाडलेल्या नाहीत, साहेब. ट्रेच्या खाली बॉयलर आहे. वाफेच्या बॉयलरमध्ये दाब वातावरणापेक्षा एक बार जास्त असला की आतलं पाणी 120 अंशांच्या घरात असतं, आणि ते दिवसभर तसंच राहतं. त्याच्याभोवतीची हवा तापते, वर चढते आणि फटींतून बाहेर पडते. तिच्या जागी खालून, मागून थंड हवा आत येते. यंत्रात पंखा नाही. वारा खेळता ठेवायची एवढीच सोय आहे, आणि तुम्ही नेमकी तीच बुजवलीत. तीही पुण्याच्या एप्रिलमध्ये, जेव्हा बाहेरच पारा चाळिशीला टेकतो. अशा उन्हात तुम्हाला घोंगडी पांघरून बसवलं तर चालेल का? इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा एक ठोकताळा आहे: तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तुमच्या चटईने आपल्या बोर्डाचं किती आयुष्य खाल्लं, याचा हिशेब तुम्हीच करा.

आणि कॉफीचं काय झालं? 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने एस्प्रेसो यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हाची यंत्रं उभी, घुमटाच्या डोक्याची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉयलर आडवा झाला आणि माथ्यावर सपाट जागा मिळाली. इटलीतल्या बारवाल्यांनी तिथे कपांची उतरंड रचली, कारण वाया जाणाऱ्या उष्णतेवर कप आपोआप गरम राहतात. एस्प्रेसो असते जेमतेम 25 मिलिलिटर. इटलीच्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेच्या निकषानुसार कपातल्या कॉफीचं तापमान 67 अंशांच्या आसपास हवं. एवढीशी कॉफी जाड, गार कपात पडली की कप तिची उष्णता शोषून घेतो आणि पहिला घोट कोमट लागतो. तुमच्या चटईवरचे कप तसेच गार राहू लागले होते. कप उचलला की हाताला कळत होतं. ट्रे जपायला निघालात आणि ट्रे ज्यासाठी आहे तेच काम बंद पाडलंत.

ट्रे जपायचाच होता तर सोपे उपाय होते. बारमध्ये ग्लास उपडे ठेवायला जाळीदार चटई वापरतात, तसली सिलिकॉनची जाळी ट्रेवर अंथरायची. सिलिकॉन 200 अंशही सोसतं. ट्रेच्या उष्णतेला वास मारणारं, मऊ पडणारं स्वस्त प्लास्टिक मात्र नको. अखंड चटईच वापरायची हौस असेल तर खाली कागद धरून फटींची खूण करून घ्यायची आणि चांभाराकडच्या पंचने तिथे तिथे भोकं पाडून आणायची. फटीइतकी मोठी, त्याहून लहान नकोत. सगळ्यात उत्तम म्हणजे स्टीलची बुटकी जाळी, पायांवर उभी राहणारी. कप अधांतरी, ट्रेला स्पर्श नाही आणि खालून हवा मोकळी. कपांची उष्णता थोडी कमी होईल, चालेल. काहीही अंथरा, नंतर यंत्र तापल्यावर फटींवर तळहात धरून बघा. गरम हवा हाताला लागली पाहिजे. लागली नाही तर अंथरलेलं काढा.

दुसरं, धुतलेले कप निथळत तसेच वर ठेवू नका. ते पाणी फटींतून विजेच्या वायरींवर पडतं. चटई असताना ते तिच्याखाली साचून राहत होतं. ती उचलली तेव्हा खाली पांढरट डाग होते. आधी फडक्याने पुसा, बुडाची कडही पुसा. ओरखडे तेवढ्यानेही कमी होतील. आणि यंत्र भिंतीला चिकटवून ठेवायची तुमची सवयही सोडा, मागच्या फटी तिकडेच आहेत.

मी या यंत्रावर जीव लावून आहे. रोज संध्याकाळी त्याचं ग्रुप हेड, म्हणजे कॉफी जिथून उतरते तो भाग, मी घासतो. म्हणून हा राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

चटई तुमच्या टेबलावर ठेवली आहे, पुन्हा पँट्रीत आणू नये. नवीन बोर्डाचा खर्च वर्गणीच्या डब्यातून निघणार नाही. तो तुम्ही भरावा, आणि सोबत स्टीलची एक जाळीही आणावी. ट्रेचं माप हवं असेल तर मी देतो.

कळावे,
पँट्रीतला एक कॉफीवाला