सातचा भोंगा

कुपवाड एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर मोबाइल गेमबद्दल मत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. पाळी सुटलेली असते, हाताचं ग्रीस अजून निघालेलं नसतं आणि स्क्रीनगार्डला तडे गेलेला फोन पुढं धरून कुणीतरी ठणकावून सांगत असतं, की ह्या पोरांचं वाटोळं मोबाइलनं केलं. सांगताना त्याची नजर फोनवरच असते. अंगठा एक पान उचलतो, एक टाकतो. "आमचं पोरगं रात्री दोन-दोन वाजंस्तवर पब्जी खेळतंय, आता बोला," एवढं म्हणून तो 'डिक्लेअर'चं बटण दाबतो. पोराचा तो नाद आणि बापाची ती रमी. नादानं डोकं बिघडतं, रमीला डोकं लागतं.

हे डोक्याचं म्हणणं निव्वळ टपरीवरचं समजू नये. सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीवरून खटला उभा राहिला आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं आणि कोणतं सोडायचं ते ठरवावं लागतं. क्लबात चार माणसं टेबलाभोवती बसत होती, त्यांच्यापुरता हा निकाल ठीकच होता. अर्ध्या शतकानं त्याच निकालाच्या पाठीवर बसून ऑनलाइन कंपन्यांनी प्रत्येक खिशात एकेक क्लब उघडला. कौशल्य तर असं फोफावलं, की २०२५ साली केंद्र सरकारनं दिलेल्या अंदाजानुसार वर्षाला ४५ कोटी लोक मिळून सुमारे २० हजार कोटी रुपये अत्यंत कौशल्यानं हरत होते.

पोरांच्या खेळाची कथा वेगळी. जानेवारी २०१९ मध्ये 'परीक्षा पे चर्चा'त एका आईनं मुलाच्या ऑनलाइन खेळांची तक्रार केली, तेव्हा पंतप्रधानांनी हसून विचारलं, की हा पबजीवाला आहे का? सभागृह खो-खो हसलं. सप्टेंबर २०२० मध्ये ११८ चिनी ॲपच्या यादीत पबजीवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नावात 'इंडिया' घालून परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. मधल्या काळात, डिसेंबर २०२२ मध्ये, ई-स्पोर्ट्स केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत गेलं. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या ऐन धामधुमीत, पंतप्रधानांनी सात गेमरना बोलावून घेतलं, आपला मराठी मिथिलेश पाटणकरही त्यांत होता, आणि स्वतः खेळूनही पाहिलं. कुपवाडच्या ज्या पोरानं या पाच वर्षांत खाटेवरची जागासुद्धा बदलली नाही, तो आधी थट्टेचा विषय झाला, मग राष्ट्रीय सुरक्षेचा, आणि शेवटी खेळाडू. घरात मात्र त्याचा हुद्दा कायम राहिला: बिनकामाचा.

याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं या प्रश्नावर जे केलं त्याची दखल परदेशातल्या माध्यमांनीही घेतली. करोनात शाळा मोबाइलवर आली. शाळा परत वर्गात गेली तरी मोबाइल पोरांच्या हातातून उतरेना. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावात महिलांची सभा झाली आणि ठरलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं पुस्तक घेऊन बसतील. आधी लोक हसले. मग शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी दारोदार फिरले आणि हसणं थांबलं. इथं एक बारकावा कुणी फारसा लक्षात घेत नाही. सात ते साडेआठ ही वेळ काही फक्त पोरांच्या गेमची नाही, ती मालिकांची आहे. म्हणजे टीव्हीवरच्या सुनेचा छळ दीड तास आपल्याविना चालू द्यायचा, असा निर्णय आयाबायांनी घेतला. महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात इतका मोठा त्याग अलीकडं कुणी केल्याचं आठवत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीच केली. पण बंदी एकट्या पोरांवर घालणं सोपं असतं. वडगावचा भोंगा थोरांनाही ऐकू येतो, त्याची मातब्बरी ती.

मुंबईत विधान भवनावर असा भोंगा नाही.

नसल्यामुळं जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसलेले, हातात मोबाइल, मोबाइलवर पत्ते. २० जुलैला रोहित पवारांनी ती चित्रफीत प्रसिद्ध केली. मंत्र्यांचा खुलासा असा, की आपण खेळत नव्हतो; यूट्यूब उघडताना खेळाची जाहिरात आली आणि ती आपण 'स्किप' करत होतो. चौकशी अहवालाचा हवाला देऊन विरोधक १८ ते २२ मिनिटांचा आकडा सांगत राहिले, मंत्री तो नाकारत राहिले. खुलाशावर राज्यातल्या प्रत्येक आईचा विश्वास बसायला हवा होता, कारण घरोघरी पोरं नेमकं हेच सांगत असतात: आपोआप उघडलं, मी बंदच करत होतो. फरक इतकाच, की पोराच्या हातून फोन काढून घेतात. कोकाट्यांच्या हातून ३१ जुलैला कृषी खातं काढून घेतलं आणि क्रीडा खातं दिलं. सरकारला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांनी ही अधिसूचना पुन्हा वाचावी.

उगाच महाराष्ट्राची बदनामी नको. अमेरिकेत सप्टेंबर २०१३ मध्ये सीरियावर हल्ला करायचा की नाही यावर सिनेट समितीची सुनावणी चालली असताना जॉन मॅकेन आयफोनवर पोकर खेळताना सापडले. त्यांनी जाहिरातीवर बिल फाडलं नाही. तीन तासांच्या वर चाललेल्या सुनावणीत खेळत होतो आणि वर हरलोही, असं त्यांनीच जाहीर केलं. ब्रिटनमध्ये २०१४ साली खासदार नायजेल मिल्स निवृत्तिवेतनावरच्या समितीत कँडी क्रश खेळले. एखाद-दोन डाव झाले असतील, असं कबूल करून त्यांनी माफी मागितली. एवढं लांब तरी कशाला जायचं? मिरजेहून हद्द ओलांडली की अथणी. तिथले आमदार लक्ष्मण सवदी फेब्रुवारी २०१२ मध्ये कर्नाटकात मंत्री होते आणि विधानसभेत मोबाइलवर जे पाहताना कॅमेऱ्यात दिसले ते पत्ते नव्हते. रेव्ह पार्टीवरच्या चर्चेची तयारी करत होतो, असा खुलासा झाला. दुसऱ्या दिवशी राजीनामा गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये सवदी उपमुख्यमंत्री झाले. त्या मानानं रमीची तपश्चर्या फारच स्वस्तात गेली.

कोकाट्यांची चित्रफीत आली त्यानंतर महिन्याच्या आतबाहेर संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र काही नाही, तो पीडित. भारतीय संघाच्या छातीवरून ड्रीम इलेव्हन उतरलं आणि आशिया चषकात आपला संघ प्रायोजकाविना कोऱ्या छातीनं खेळला. जाहिरातींवर ओरड आधीही झाली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडू वांद्र्याला सचिन तेंडुलकरच्या घरासमोर जाऊन बसले होते: गेमची जाहिरात तरी सोडा, नाहीतर भारतरत्न तरी परत करा. तेव्हा लोकांनी कडूंनाच हसून घेतलं. दोन वर्षांनी त्यांची मागणी कायदा झाली. हसणाऱ्यांत कायदा करणारे किती होते याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आता पैशाचे ॲप बंद. पण कुपवाडकराला डाव कळायला ॲपची गरज कधीच नव्हती. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड अशी तीन पानं जुळवून महापालिका झाली, त्यात कुपवाड हे बहुधा हातात ठेवायचं आणि वेळ आली की टाकायचं पान. २०१८ साली भाजपनं ७८ पैकी ४१ जागा जिंकल्या. शुद्ध सिक्वेन्स, डाव संपला असं कुणालाही वाटावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये महापौरपदाचं मतदान झालं आणि राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी ३९ विरुद्ध ३६ मतांनी निवडून आले. जयंत पाटलांच्या तोंडी असलेल्या 'करेक्ट कार्यक्रम' या शब्दांचा अर्थ जिल्ह्याला त्या दिवशी आकड्यांनिशी कळला. रमीत जोकर हवं त्या पानाच्या जागी लागतो आणि तरी तो जोकरच राहतो; नगरसेवकाला तेवढीही सक्ती नाही. पुढच्याच महिन्यात जळगावच्या भाजप नगरसेवकांनी हाच डाव ठाण्यात बसून ऑनलाइन खेळून दाखवला आणि महापौरपद शिवसेनेकडं गेलं. त्या ॲपवर बंदी घाला, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि खेळ दोन वर्षांवर 'पॉज' राहिला. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. बहुतेक प्रभागांत एकेका मतदारानं चार-चार बटणं दाबली. यातला कोण पाच वर्षांत कुणाच्या हातात जाईल यावर पैजा लागतील, लागल्याही असतील. अशा तोंडी पैजांना २०२५ चा कायदा लागू होत नाही, तो ऑनलाइन खेळांपुरता आहे. इथं १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा बघावा लागेल. त्याच्या तेराव्या कलमात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे.