हर्ट्झकाका

आमच्या सोसायटीत कुणी मॉनिटर घेतला, तर ते हर्ट्झकाकांच्या कानावर जाऊ नये म्हणून माणसं काय काय करतात! एका गृहस्थांनी खोकं चादरीत गुंडाळून रात्री साडेदहाला जिन्यानं वर नेलं. पण चौथ्या मजल्यावर जायचं तर तिसरा लागतोच, आणि तिसऱ्यावर काका राहतात. दार किलकिलं झालं, फटीत चष्मा दिसला आणि प्रश्न आला, “व्हीए की आयपीएस?”

गृहस्थ म्हणाले, “सत्तावीस इंची.”

एवढा एक मजला चढून घरी पोचायला त्यांना पाऊण तास लागला.

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते आता कुरिअरवाल्यांपुरतंच उरलंय. पोरांनी ठेवलेलं हर्ट्झकाका हेच चालू नाव. वय पन्नाशीला टेकलेलं, नोकरी हिंजवडीत, शनिवार-रविवार अर्धी चड्डी. तरुणपणी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक खेळलेली ही पिढी, तीही जाड काचेच्या, पाठीला कुबड असलेल्या सीआरटीवर. “त्या डब्यावर चित्र फिसकटायचं नाही हो,” असं म्हणताना काकांचा आवाज आईच्या हातच्या आमटीबद्दल बोलावं तसा ओला होतो.

गंमत म्हणजे ते खरं आहे. सीआरटीवर चित्र क्षणभर चमकून विझायचं, म्हणून पळणारी वस्तू धारदार दिसायची. सपाट पडद्यावर पुढचं चित्र येईपर्यंत मागचं तसंच धरून ठेवलेलं असतं. डोळा मात्र पुढे गेलेला असतो, म्हणून सगळं फिसकटल्यासारखं दिसतं. हे ज्ञान मला भाजीच्या गाडीवर मिळालं. काकांनी मेथीची जुडी माझ्या नाकासमोरून डावीकडून उजवीकडे नेली, मधे मधे थांबवत. “हे साठ हर्ट्झ. सेकंदाला साठ चित्रं, एक चित्र सोळा पूर्णांक सात मिलीसेकंद. आता एकशे चव्वेचाळीस,” म्हणून जुडी पुन्हा डावीकडे. “इथे एक चित्र सहा पूर्णांक नऊ. जवळजवळ दहा मिलीसेकंद वाचले! आणि दोनशे चाळीसला चार पूर्णांक दोन. म्हणजे पुढचे शहाण्णव हर्ट्झ विकत घेऊन तीनसुद्धा वाचत नाहीत.” भाजीवाला बराच वेळ बघत होता. तो म्हणाला, “साहेब, जुडी ठेवताय का देऊ?”

माझ्या मते हा हिशेब या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. साठावरून एकशे चव्वेचाळीसवर गेलेल्याला फरक सांगावा लागत नाही, माउस हलवला तरी कळतो. त्यापुढचा फरक बहुतेकांना सांगावा लागतो. तो सांगायला काका आहेतच.

पण हर्ट्झ ही नुसती बालवाडी. काकांचा खरा विषय पॅनेल, आणि तो शिकवायची त्यांची पद्धत घरगुती आहे. एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो. मागे दिवा आणि पुढे द्रवस्फटिकांच्या खिडक्या, इतकं सांगून ते थेट माणसांवर येतात. टीएन म्हणजे चपळ पण एककल्ली. समोर बसलात तर ठीक, उठून उभे राहिलात की रंग फिरले. १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेल्फरिख यांनी पेटंटचा अर्ज केलेली ही जात. आपली डिजिटल घड्याळं आणि कॅल्क्युलेटर तिच्यावरच चालले. आयपीएस हिताचीनं १९९६मध्ये बाजारात आणलं. रंग गुणी, कुठूनही बघा तसेच. पण काळा रंग काळा नाही. “दार लावलं तरी खालच्या फटीतून पॅसेजचा उजेड येतो ना, तसं.” पांढरा आणि काळा यांच्यात अंतर साधारण हजारपट. व्हीएमध्ये तेच तीन हजारपट किंवा जास्त, रात्र रात्रीसारखी दिसते. मग घ्या की व्हीए! नाही. “व्हीए म्हणजे आमचा धाकटा. एकदा उठला की पळतो. पण अंधारातून उठायलाच वेळ.” काळ्यातून करड्यात येताना व्हीएचे स्फटिक रेंगाळतात, आणि अंधाऱ्या प्रसंगात पळणाऱ्या माणसामागे काजळाचं बोट ओढल्यासारखा डाग येतो. (हे ऐकताना धाकटा समोरच पोहे खात होता. तो रेंगाळला नाही, बशी घेऊन उठून गेला.)

राहिलं ओएलईडी. इथे मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. काळा म्हणजे खरोखरचा काळा, आणि रंग बदलायला लागणारा वेळ एका मिलीसेकंदाचा किरकोळ अंश. काका ओएलईडीबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, स्थळ फारच चांगलं आलं की घरात आणतात तसा. नंतर एक उसासा. मग, “पण डाग पडतो.”

तो डाग त्यांनी मला त्यांच्याच दिवाणखान्यात दाखवला. भिंतीला कॉट लावलेली आहे. तिच्या वर, बसल्यावर डोकं टेकतं तिथे, तेलाचा एक गोल तपकिरी डाग. काकांचे वडील तिथे बावीस वर्षं टेकून पेपर वाचत. वडील गेले, दोनदा रंग काढला, डाग पुन्हा वर येतोच. “हे बर्न-इन,” काका म्हणाले. “खालची टास्कबार, कोपऱ्यातलं घड्याळ, रोज एकाच जागी टेकून बसणारं जे जे असेल त्याचा ठसा उमटतो.” मी म्हटलं, “काही कंपन्या आता त्याची तीन वर्षांची हमी देतात म्हणे.” काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “म्हणजे चौथ्या वर्षी पडतो.”

शिवाय काही ओएलईडींमध्ये लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडेला हिरवी-जांभळी किनार दिसते. काकांना हे मान्य नाही. वहिनी आतून म्हणाल्या, “हिरवा-जांभळा काठ मला तर आवडेल.” त्यांच्या म्हणण्याची नोंद झाली नाही.

तर अशी चारही स्थळं बघून झाली. प्रत्येकात एकेक खोट निघाली. आणि पुढच्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात काहीतरी नवं येतंच, तेव्हा आत्ता घेणं म्हणजे मूर्खपणा. असा आत्ता न घेण्याचा शहाणपणा काका गेली सहा वर्षं करतायत.

दुकानांत मात्र जातात. पुण्याच्या तपकीर गल्लीपासून सुरुवात, आणि वर्षातून एकदा डेक्कन क्वीननं दादर, तिथून ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोड. एकदा तपकीर गल्लीत मी बरोबर होतो. खिशात पेनड्राइव्ह, त्यात एक संपूर्ण काळं चित्र, एक संपूर्ण करडं आणि पळतं चित्र तपासायला एक उडती तबकडी. दुकानात पडद्यांवर पोपट आणि समुद्राखालचे मासे फिरत होते. पोपट दाखवला की कुठलंही पॅनेल चांगलं दिसतं, हा काकांचा सिद्धांत, आणि तो मला पटलेला आहे. खोक्यावर रंग बदलायचा वेळ ‘१ मिलीसेकंद’ असा ठळक छापला होता. काका म्हणाले, “हे गाडीच्या ॲव्हरेजसारखं. कंपनीनं काढलेलं.” तो आकडा गाठायला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे स्फटिकांना दिलेला जादा रेटा, इतका ताणावा लागतो, की चित्राच्या मागची सावली जाते आणि तिच्या जागी उजळ कड येते. हे दुकानदाराला ऐकवून झाल्यावर काकांनी पेनड्राइव्ह लावला, काळं चित्र आणलं आणि म्हणाले, “जरा दुकानातले दिवे घालवता का?”

दुकानदारानं वर बघितलं नाही. “गुरुवारी या. आमच्या लाइनीत गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात.”

“मग मॉनिटर कसा चालेल?”

“नाही चालणार. एकदम काळा दिसेल. ओएलईडीसारखा.”

काकांना निरुत्तर झालेलं मी आयुष्यात दोनदा पाहिलंय. त्यातली ही पहिली वेळ.

दुसऱ्या वेळेला कारण मीच झालो, आणि त्याचं मला थोडं वाईट वाटतं. आमचे चिरंजीव यंदा इंजिनिअरिंगला गेले. व्हॅलोरंट खेळायला मॉनिटर हवा म्हणाले, पंधरा हजारांच्या आत. सल्ला घ्यावा म्हणून मी खाली गेलो. काकांनी मला टेबलापाशी बसवलं आणि पडदा लावला. एकोणीस इंची, जवळजवळ चौकोनी, कुठल्यातरी कंपनीनं ऑफिस बदलताना विकायला काढलेला, साठ हर्ट्झचा टीएन. पाय मोडल्यामुळे खाली मनोरमा इयर बुकचे दोन खंड. त्यावर त्यांनी एका परीक्षणाचा व्हिडिओ लावला, एकच काळी मांजर डावीकडे आयपीएसवर, मधे व्हीएवर, उजवीकडे ओएलईडीवर. “बघा! फरक बघा!”

मी बघितलं. तिन्ही सारखेच दिसत होते. तिन्ही त्या एकोणीस इंची टीएनसारखे दिसत होते. नीट बघायला मान उंच केली तेव्हा तिन्हींमधल्या काळ्या मांजरी राखाडी झाल्या. मी न राहवून विचारलं, “काका, सहा वर्षं सगळं तुम्ही ह्याच्यावरच बघताय?”

काका गप्प झाले. खालून भंगारवाला गेला, त्याची हाक गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो गप्पच होते. मग म्हणाले, “मी फार बघत नाही. ऐकतो.”

आम्ही शेवटी न विचारताच घेतला. चोवीस इंची, आयपीएस, एकशे ऐंशी हर्ट्झ. त्या किमतीत, त्या खेळाला, माझ्या मते तोच शहाणपणाचा सौदा होता आणि आजही आहे. पोरगं खूश होतं. मीही आठवडाभर खूश होतो. त्यावर क्रिकेट बघितलं, टॅक्सचा फॉर्म भरला.

आठव्या दिवशी रात्री नऊला बेल वाजली. काका अभिनंदन करायला आले होते. पेढा घेतला, अर्धा खाल्ला, मॉनिटरभोवती एक फेरी मारली. छान आहे म्हणाले. आणि मग, अगदी पाणी मागावं इतक्या सहज, “जरा दिवा घालवता का?”

मी घालवला. आयुष्यात काही चुका अशाच हातून होतात, उठून, बटणापर्यंत चालत जाऊन. काकांनी पडदे ओढले, दाराखाली पायपुसणं सारलं, पेनड्राइव्ह लावला, उजेड शंभरावर नेला. समोर काळं चित्र.

“दिसतंय?”

“काय?”

“बघत राहा. डोळे सरावू द्या.”

लग्नात भटजी नवरा-नवरीला अंगणात उभं करून अरुंधतीचा तारा दाखवतात, त्यातली ही गत. न दिसता दिसला म्हणावं आणि आत जाऊन जेवावं. मी तसंच म्हणणार होतो. पण तेवढ्यात मला खरंच दिसलं. उजवीकडचा खालचा कोपरा. काळ्यात एक पिवळट धुरकट पसारा, कुणी तिथे मंद कंदील ठेवून विसरून गेल्यासारखा.

“आता हा ग्लो की ब्लीड, ते बघू,” काका म्हणाले. आवाजात सहा वर्षांतलं सगळं समाधान होतं. “डोकं हलवा. जागा हलली तर ग्लो, तो पॅनेलचा स्वभाव आहे. नाही हलली तर ब्लीड, तो या एका नगाचा दोष.” मी डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. चिरंजीवही बघू लागले. काका मागे उभं राहून आमच्याबरोबर झुलत होते. तेवढ्यात आई देवघरातून आली, पडद्याच्या उजेडात तिघांना डोलताना पाहून दारातच थबकली आणि म्हणाली, “कुणाच्या अंगात आलंय?”

निकाल असा, की ग्लो होता. निर्दोष माल. परत करता येत नाही.

पोरगं दुसऱ्या दिवशी सगळं विसरलं आणि खोलीत ट्यूबलाइट लावून खेळायला लागलं. दिव्यात त्यातलं काहीच दिसत नाही. मी विसरलो नाही. सिनेमात कुणी अंधाऱ्या खोलीत शिरलं की माणसं खुन्याकडे बघतात, मी उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे बघतो. परवा मेहुण्याकडे गेलो होतो. त्यानं नवा टीव्ही घेतलाय. चहा झाला, टीव्हीचं कौतुक झालं, आणि माझ्याच तोंडून मला शब्द ऐकू आले, “जरा दिवा घालवतोस का?”

तेव्हा मॉनिटर जरूर घ्या, पोपट बघून घेतलात तरी चालेल. पण रात्री कुणी अभिनंदन करायला आलं तर पेढा द्या, चहा द्या, आणि बटणापुढे आडवे उभे राहा. आणि हे जर तुम्ही लॅपटॉपवर वाचत असाल, तर उजवीकडचा खालचा कोपरा. नका बघू.