दीड महिना पाणी कोण भरणार?

ऑपरेशन झालेल्या बाईला बघायला काळी-पिवळी भरून माणसं बुलढाण्याला, खामगावला, नाहीतर थेट अकोल्याला जातात. केळी, बिस्किटांचे पुडे, नारळपाणी नेतात. वॉर्डात गर्दी करतात, टाक्यांना जंतुसंसर्गाचा धोका वाढवतात आणि संध्याकाळी परततात. तिची सुटी होऊन ती घरी आली की तिच्या वाटचा हंडा उचलायला यातलं एक माणूस सापडत नाही. मला या बघायला जाण्याचा राग आहे.

पोट उघडून गर्भाची पिशवी काढली की डॉक्टर सुटीच्या कार्डावर लिहून देतात: सहा आठवडे जड उचलायचं नाही. वरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळते, टाके निघतात, घरातल्यांना वाटतं बाई बरी झाली. आतला थर भरून यायला मात्र आठवडे लागतात. त्याआधी ताण पडला तर त्या जागी हर्निया होऊ शकतो. म्हणजे पुन्हा ऑपरेशन, पुन्हा उसनवारी.

आता बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली या. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीला, बोअरला पाणी लागतं ते खारं. पिण्याचं गोडं पाणी मिळेल तिथून आणायचं, नळ येईल त्या दिवशी साठवायचं. पंधरा लिटरच्या हंड्यात नुसत्या पाण्याचंच वजन १५ किलो. घाटावरही उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या बायकाच असतात. कार्डावर लिहिलेले सहा आठवडे या घरांत येणार कुठून?

त्यात आपण ऑपरेशनं काढतो थंडीत, कारण थंडीत टाके पिकत नाहीत असं सगळे सांगतात. थंडी म्हणजे कापसाची वेचणी आणि मागोमाग हरभऱ्याची सोंगणी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना दवाखान्याचं बिल भरते. आता पांढरं रेशनकार्ड असलेल्या कुटुंबालाही तिचा लाभ आहे. चांगली सोय आहे. पण बुडालेली मजुरी ती भरून देत नाही, आणि तीच मजुरी बाईला पंधराव्या दिवशी शेतात नेते.

खाण्याचं तर विचारूच नका. टाके पिकतात म्हणून डाळ बंद, अंडं बंद, भातसुद्धा बंद. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, दूध, अंडी, मटकी यांतून ती मिळतात. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात मुळात रक्त कमी आहे. तारीख आधीच ठरली असेल तर हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या दोन-तीन महिने आधी सुरू करता येतात. तंबाखू-गुटखा महिनाभर आधी सोडता येतो, कारण तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. साखर आटोक्यात आणता येते. ही तयारी करायची सोडून आपण तयारी करतो ती फक्त पैशांची.

आणि एक प्रश्न पुरुषांना. कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन बायकोचंच का? बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, दोन दिवसांची विश्रांती पुरते. तीन महिने काळजी घेऊन नंतर तपासणी करायची, एवढंच. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहितांकडे बाईचं ऑपरेशन झालेलं आढळलं आणि पुरुषाचं अर्धा टक्का घरांतही नाही. ताकद जाते ही भीती निराधार आहे. ताकद जाते ती ओल्या टाक्यांनी हंडा उचलणाऱ्या बाईची.

पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर आणखी एका डॉक्टरला, शक्यतो सरकारी दवाखान्यात, दाखवा. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण एवढं गाजलं की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. रजा घेतली की मजुरी बुडते म्हणून पाळीच नको, इथपर्यंत त्या बायका आल्या होत्या.

तेव्हा ऑपरेशनची तारीख घेण्याआधी घरात बसून नावानिशी ठरवा. पाणी कोण भरणार, भाकरी कोण टाकणार, गुरांचं कोण बघणार. नवऱ्याचं नाव पहिलं लिहा. बहीण, नणंद, जाऊ यांनी दवाखान्यात एक दिवस जाण्यापेक्षा घरी चार दिवस राहावं. बाईला झोपवून ठेवू नका, रोज थोडं चालवा, त्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो. ताप आला, टाक्यांतून पू आला, पोटरी सुजली तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पाण्याला माणूसच सापडत नसेल, ऑपरेशन तातडीचं नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि तारीख पुढची घ्या.